बॅटरी कोणी धरली होती?

एका वाचक ताईंचं पत्र थोडं कमी करून देत आहे. त्यांचं नाव आणि गाव छापलेलं नाही. ओळख पटेल अशा एक-दोन गोष्टी बदलल्या आहेत.

"मॅडम, आमचं गाव सोलापूर-बार्शी रस्त्यापासून आत, माळाच्या कडेला आहे. सात एकर कोरडवाहू, ज्वारी आणि हरभरा. मालकांचा पिकअप आहे, मार्केटला भाडी मारतात. दर वर्षी गड्ड्याच्या यात्रेला त्यांच्या मामांचा मुलगा मित्रांना घेऊन येतो. हुरडा खातात, आणि रात्री जेवणं झाली की पिकअप घेऊन माळावर जातात. आधी ससे आणायचे. यंदा सासऱ्यांची बारा बोर नेली. ती पिकाच्या राखणीच्या लायसनवर आहे. पहाटे हरीण आणलं. शिंगं नव्हती. कातडं आणि पाय खड्डा करून पुरले. मटण मला शिजवायला सांगितलं, मी शिजवलं. एक पिशवी अजून फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्यात आहे.

आमचा मुलगा चौथीत आहे. ह्यांनीच त्याला बॅटरी धरायला सोबत नेलं होतं. तेव्हापासून तो मटणाला हात लावत नाही. परवा झोपताना म्हणाला, 'आई, मी बॅटरी खाली केली असती तर ते पळालं असतं का?' मला काही बोलताच आलं नाही.

मालक म्हणतात, शिंगवालं काळवीट मारलं तरच केस होते, ससा-बिसा चालतो. आपल्या रानात आपण रात्री राखण करतो, त्याला कोण विचारतंय. आणि मी तर नुसती गाडी चालवली, बंदूक माझ्या हातात नव्हती. पुढच्या महिन्यात ही मंडळी परत येणार आहेत. ह्यांच्या बोलण्यात खरं किती? मी शिजवलं म्हणजे मीही गुन्हेगार का? आणि हे सांगायचं कुणाला?"

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मुलाच्या प्रश्नाकडे शेवटी येते, कारण त्याला सावकाश उत्तर द्यायला हवं. तुमच्या मालकांनी जे जे सांगितलं, ते गावोगाव पारावर बसून लोक एकमेकांना सांगत असतात. ते मुद्दाम खोटं बोलत असतील असं मला वाटत नाही. ऐकीव कायदा असाच असतो, अर्धा जुना आणि अर्धा सोयीचा.

रात्रीच्या शिकारीबद्दलचा समज कुठून आला ते आधी सांगते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. तो आला तेव्हा काही प्राण्यांची शिकार परवाना काढून करता येत असे, आणि त्या परवान्याला अटी होत्या. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत शिकार करायची नाही, गाडीतून करायची नाही, पाणवठ्यावर दबा धरायचा नाही, विष किंवा फास लावायचे नाहीत. सासऱ्यांच्या वयाच्या माणसांना हे आठवत असेल. त्यातूनच "रात्री बंदी, दिवसा चालतं" किंवा "आपल्या शेतात रात्रीही चालतं" असल्या समजुती राहून गेल्या. १९९१ च्या दुरुस्तीत परवान्याची ती सगळी कलमं काढून टाकली. परवानाच उरला नाही, मग तो किती वाजेपर्यंत चालतो हे विचारण्यात काय अर्थ? आज शिकारीवरची बंदी दिवसाला आहे तशीच रात्रीला आहे, कलम ९ खाली. रात्रीमुळे कायदा बदलत नाही. बदलतो तो पुरावा. रात्री एक वाजता माळावर पिकअप, मागे चार माणसं, मोठी बॅटरी आणि भरलेली बंदूक सापडली, तर "फिरायला आलो होतो" हे कुठलाही न्यायाधीश ऐकून घेणार नाही.

आणि ताई, "शिकार" या शब्दाचा कायद्यातला अर्थ आपण समजतो त्यापेक्षा बराच मोठा आहे. मारणं आलंच. पण पकडणं, फास लावणं, विष घालणं, आमिष ठेवणं, हाका घालून पळवणं, जखमी करणं, पक्ष्याची अंडी उचलणं, हे सगळंही शिकारच. यातलं काहीही करण्याचा प्रयत्न केला तरी ती शिकार. गाडी रिकामी परत आली म्हणून सुटका नाही.

सशाचं म्हणाल तर तो चालत नाही. परवाने बंद झाल्यापासून कधीच चालत नव्हता. आधी तो चौथ्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या प्राण्यांच्या चौथ्या यादीत होता. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि अनुसूच्यांची नव्यानं मांडणी झाली, तेव्हापासून तो दुसऱ्या अनुसूचीत आहे. रानडुक्करही तिथंच. एका सशासाठी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आता हरीण. शिंगं नव्हती असं तुम्ही लिहिलंय, आणि मालकांना त्यातच आधार वाटतोय. आपल्या माळावर कळपानं फिरणारं हरीण म्हणजे काळवीट. त्याच्या मादीला सहसा शिंगं नसतात, अंग बदामी रंगाचं असतं, म्हणून लोक तिला नुसतं "हरीण" म्हणतात. म्हणजे बहुतेक काळवीटच मारलं गेलंय, फक्त मादी. अगदी चिंकारा निघाला तरी फरक पडत नाही. दोघेही पहिल्या अनुसूचीतले. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला कमीत कमी ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद, वर किमान २५ हजार दंड. सशाच्या प्रकरणात वनखात्याकडे रक्कम भरून तडजोड होण्याची एक वाट कायद्यात आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तीही ५ लाखांपर्यंत जाऊ शकते. पहिल्या अनुसूचीला ती वाटच नाही. खटला चालतोच.

तुमच्या भागात आणखी एक गोष्ट आहे, ती बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं. ते ताडोबासारखं एकसंध जंगल नाही. वनखात्याच्या गवताळ जमिनींचे तुकडे, मधे लोकांची शेतं, मधे गावं. पूर्वी त्याची हद्द साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होती, पुढे कमी करून सुमारे १,२०० वर आणली. रात्री गाडी माळावर घातल्यावर आपण कुठल्या तुकड्यात शिरलो हे कळत नाही. आणि अभयारण्यात शिकार केली तर प्राणी कुठल्या अनुसूचीतला हे बघितलं जात नाही. तिथं सशालाही तीच ३ ते ७ वर्षं. परवानगीशिवाय हत्यार घेऊन आत शिरणं हाच वेगळा गुन्हा.

ह्या माळावर माळढोक जमिनीवरच अंडं घालतो. एकच अंडं, घरटं नाही, आडोसा नाही. टिटवी, चंडोल हेही जमिनीवरचेच. विणीच्या दिवसांत रात्री रस्ता सोडून पिकअप फिरवला की चाकाखाली काय गेलं हे गाडीतल्या कुणालाच समजत नाही. सोलापूर म्हटलं की साऱ्या देशातले पक्षी पाहणारे नान्नजचं नाव घेत. आता तिथं माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते.

गाडी चालवणाऱ्याचं जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या घराला खरा धोका तिथं आहे.

बरीच वर्षं झाली, मी एका ड्रायव्हरचं वकीलपत्र घेतलं होतं. गाव, नाव सांगत नाही. त्याचंही हेच म्हणणं, "मॅडम, मी खाली उतरलोच नाही." कोर्टात मुद्देमाल मांडला तेव्हा मी टेबलाशीच उभी होते. एक स्टीलची तीन सेलची बॅटरी, गोणपाटाचा तुकडा आणि त्याला चिकटलेले चार-पाच केस, लाखेची सील लावलेली एक बाटली. आणि गाडीच्या जप्तीचा कागद. बंदूक मिळालीच नव्हती. ज्यानं चालवली तो फरार. समोर होता तो गाडीवाला, कारण नंबर गाडीला असतो, कर्ज गाडीवर असतं, आणि गाडी पळून जात नाही. त्याची गाडी आवारात उभी राहून टायर बसले. बँकेचे हप्ते चालू, धंदा बंद. बायको दर तारखेला डबा घेऊन यायची आणि जिन्याच्या पायरीवर बसायची. त्या बाईची आठवण झाली म्हणूनच तुमचं पत्र मी सदरासाठी घेतलं.

कायद्याच्या कलम ५२ नं गुन्ह्याला मदत करणारा आणि प्रत्यक्ष करणारा एकाच मापानं मोजले जातात. गाडी चालवणं, उजेड धरणं, हाका घालणं ही सगळी मदत. वापरलेलं वाहन, हत्यार, बॅटरी जप्त होते, आणि कलम ३९ प्रमाणं ती सरकारजमा होऊ शकते. पाहुणा आपल्या कारनं निघून जातो. पिकअप मात्र तुमच्या दारात उभा असतो.

जोधपूरजवळच्या कांकाणीचा काळवीट खटला सगळ्यांना माहीत आहे. ऑक्टोबर १९९८ ची ती रात्र, आणि खालच्या कोर्टाचा निकाल लागला एप्रिल २०१८ मध्ये. एका प्रसिद्ध नटाला ५ वर्षांची शिक्षा झाली, सोबतचे पुराव्याअभावी सुटले. सुटले हे खरं, आणि लोक तेवढंच लक्षात ठेवतात. पण सुटण्यासाठीही त्यांनी २० वर्षं तारखा काढल्या. पिकअपची भाडी मारून पोट भरणाऱ्या माणसाला त्यातली पाच वर्षंही पेलायची नाहीत.

"आपल्या रानात राखण करतो" यात मात्र थोडं तथ्य आहे, ते नाकारणार नाही. हरभऱ्याचे घाटे भरायच्या वेळी पन्नास-साठ काळविटांचा कळप रात्रीतून शेतात उतरला तर सकाळी काय उरतं, हे मी माझ्या माहेरी पाहिलेलं आहे. रानडुकरं मक्याचं काय करतात ते तुम्हाला सांगायला नको. शेतकऱ्याचा राग खरा आहे. पण सात-बारा जमिनीचा असतो, तिथं चरायला आलेलं जनावर आपल्या मालकीचं होत नाही. राखण म्हणजे हाकलणं. ओरडा, डबे वाजवा, मचाणावर बसा, सौर कुंपण घाला, त्याला कुणाची हरकत नाही. मारायचं असेल तर आधी लेखी परवानगी लागते, आणि तीही प्रत्येक प्राण्यासाठी मिळत नाही. रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत असल्यामुळं उभ्या पिकाचं नुकसान हे कारण चालतं. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, ते चौकशी करतात. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. तिथं पिकाचं नुकसान हे कारण कायदा मानतच नाही. माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा जनावर आजारानं, जखमेनं सुधारण्यापलीकडे गेलं असेल, तरच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक परवानगी देऊ शकतात, आणि पकडणं किंवा हलवणं शक्य नसेल तरच. काळविटानं कुणाचा जीव घेतल्याचं मी तरी कधी ऐकलं नाही.

जनावर अंगावर आलं आणि जीव वाचवायला मारावं लागलं, तर तो गुन्हा नाही. हे कलम ११ मध्ये स्पष्ट आहे. पण त्या वेळी तुम्ही स्वतः शिकारीला गेलेले असाल, तर हा बचाव मिळत नाही. आणि मेलेलं जनावर सरकारचं असतं. ते घरी आणायचं नाही, कळवायचं.

पिकाचं नुकसान झालं तर भरपाई मागा. काळविटांच्या नुकसानीलाही ती मिळते. तीन दिवसांच्या आत वनखात्याला कळवा, पंचनाम्याआधी शेत नांगरू नका, मोबाइलवर फोटो काढून ठेवा, सात-बारा आणि बँकेचं पासबुक तयार ठेवा. रक्कम बहुतेक वेळा नुकसानीपेक्षा कमी असते आणि हातात उशिरा पडते, हे मला ठाऊक आहे. तरी अर्ज करत राहा. अर्जच गेले नाहीत तर तुमच्या गावात नुकसान होतं हे सरकारदरबारी कुठंच लिहिलं जात नाही. अजून एक, तुम्ही विचारलं नसलं तरी सांगते. कुंपणात लाइटचा करंट सोडायचं कुणी सुचवलं तर त्याला घरातून बाहेर काढा. त्यात डुक्कर मेलं तर ती शिकार, आणि पहाटे पाणी द्यायला गेलेला शेजारी चिकटला तर मनुष्यवधाची केस.

सासऱ्यांच्या बंदुकीबद्दल. लायसन माणसाच्या नावावर असतं, घराच्या नावावर नाही. सासऱ्यांनी ती पुतण्या-भाच्याच्या हाती दिली, की ज्यानं नेली त्याच्यावर बिनपरवाना शस्त्र बाळगल्याचा गुन्हा, आणि सासऱ्यांचं लायसन रद्द व्हायला ते पुरेसं कारण. त्यातून वन्यजीव कायद्याचं कलम ३४ आहे. अभयारण्यात किंवा त्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्र परवानाधारकानं वनखात्याकडे आपली नोंद करायची असते. सासऱ्यांनी ती केली आहे का, हे आजच विचारून घ्या. म्हातारपणी त्यांना शस्त्र कायद्याच्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागू नये असं वाटत असेल, तर पाहुणे यायच्या आधी बंदूक कपाटात कुलपात आणि किल्ली त्यांच्याच कमरेला असू द्या. हे तुम्ही सांगण्यापेक्षा सासूबाईंनी सांगितलं तर लवकर पटेल असं वाटतं. पण घर तुम्ही ओळखता.

तुमच्याबद्दल आता. खरं आहे ते लिहिते, भीती घालायला नाही.

शिकारीचं मांस ताब्यात ठेवणं हाही गुन्हा आहे. कलम ५७ असं सांगतं की मांस कुणाच्या ताब्यात सापडलं तर ते बेकायदा आहे असंच धरून चालायचं, आणि तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्याकडे सापडलं त्याची. फ्रीज तुमच्या स्वयंपाकघरात आहे. तुम्हाला माहीत होतं की हे हरणाचं आहे. तेव्हा "माझा काय संबंध" असं म्हणता येणार नाही. पण सांगितल्यामुळं, घरातल्या दबावाखाली शिजवलेली बाई आणि बंदूक घेऊन गेलेला माणूस यांच्यातला फरक कोर्टाला कळतो. तुम्ही गप्प न बसता विचारलंत, ही गोष्टही तुमच्या बाजूनं आहे. "शिजवल्यावर काय कळणार" असं कुणी म्हणालं तर त्यावरही विसंबू नका. शिजलेल्या तुकड्यावरूनही डीएनए तपासणीनं प्राणी ओळखता येतो. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेच्या प्रयोगशाळेत देशभरातून असे नमुने जातात.

ती पिशवी शिजवू नका, कुणाला देऊ नका, आणि घाबरून विहिरीत किंवा उकिरड्यावर फेकूही नका. पुरावा नाहीसा करणं हा आणखी एक गुन्हा तुमच्या नावावर चढेल. मोबाइलमधल्या फोटोंचंही तेच. पाहुण्यांनी ग्रुपवर टाकलेले फोटो आहेत तसेच राहू द्या. पहिलं काम वकील गाठणं. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्यानं कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, तिथं मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन केला तरी माहिती मिळते. वकिलाला सगळं सांगा, मला लिहिलंत तसं. पिशवीचं काय करायचं, वनखात्याकडे कधी आणि कुणी जायचं, हे त्या वकिलाच्या सल्ल्यानं ठरवा. आपणहून गेल्यानं गुन्हा पुसला जातो असं खोटं मी सांगणार नाही. पण झडती येऊन पिशवी सापडणं आणि तुम्ही वकिलासोबत जाऊन सांगणं, यात फार अंतर आहे. आणि एक लक्षात ठेवा. सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानं आरोपीसमोर नोंदवलेला जबाब खटल्यात पुरावा म्हणून चालतो. तेव्हा घाईघाईत, एकटीनं, कशावरही सही करू नका.

मालकांना वेगळा वकील लागेल. तुमच्या दोघांचं हित या प्रकरणात एकच असेल असं नाही. हे वाचायला कठीण आहे, तरी सांगायला हवं. नवरा-बायकोत झालेलं बोलणं सांगायला तुम्हाला भाग पाडता येत नाही, हे संरक्षण कायद्यात आहे. तुम्ही डोळ्यांनी जे पाहिलं त्याला मात्र ते लागू नाही.

पुरलेल्या कातड्यावरून एक गोष्ट मनात आली. उद्या कुत्र्यांनी ते उकरून काढलं तर गावात पहिलं बोट कुणाकडे जाईल, हे तुम्हालाही माहीत आहे. गावकुसाबाहेरच्या पारध्यांच्या पालाकडे. १८७१ पासूनच्या इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यानं या लोकांना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. सोलापुरात तर त्यासाठी तारेच्या कुंपणाची सेटलमेंट, म्हणजे पहाऱ्यातली वसाहत होती. तो कायदा १९५२ साली गेला, संशय गेला नाही. न पाहिलेल्या गोष्टीसाठी पारध्याच्या पोराला उचलून नेलेलं मी पाहिलंय, आणि त्याच्या बाजूनं बोलायला गावातून कुणी आलं नव्हतं. तुमच्या घरात झालेल्या गोष्टीचा मार दुसऱ्याच्या पाठीवर पडू देऊ नका. तशी वेळ आली तर बोला.

पुढच्या महिन्याचं. पाहुणे यायच्या आधी मालकांशी बोलायचं ते भांडणाच्या सुरात नको. जनावराची दया आली म्हणून सोडा, असंही नको. त्यांना ते आता ऐकू येणार नाही. हिशेबाच्या सुरात बोला. पिकअपचे किती हप्ते राहिले? तो वर्षभर आवारात उभा राहिला तर घर कशावर चालेल? पाहुण्यांना "गाडीचं काम निघालंय, बंदूक मिळणार नाही, हुरडा खा आणि झोपा" एवढं सांगायला त्यांना जमेल. माणूस स्वतः नाही म्हणायला लाजतो, पण गाडीचं निमित्त मिळालं की त्याची सुटका होते. हे पान त्यांना वाचायला द्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

आणि तरीही गाडी निघाली, तर वनखात्याचा १९२६ हा हॅलो फॉरेस्टचा नंबर आहे. नाव गुप्त ठेवा असं सांगता येतं. घरात अंगावर कुणी धावून आलं तर ११२. अभयारण्याच्या हद्दीत राहणाऱ्यांवर तर असा गुन्हा रोखायची आणि शोधायला मदत करायची जबाबदारी कायद्यानंच टाकली आहे. आपल्या माणसाविरुद्ध फोन उचलणं सोपं नसतं. तो उचलायची वेळ येऊ नये म्हणूनच वरचं सगळं लिहिलं.

मुलगा.

कायद्याच्या बाजूनं त्याची काळजी करू नका. सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंही कृत्य गुन्हा नसतं. सात ते बारा या वयात, आपण काय करतोय हे कळण्याइतकी समज नसेल तर तेही गुन्हा ठरत नाही. पण तो साक्षीदार आहे. पोलीस विचारोत न विचारोत, तो रोज रात्री स्वतःशीच साक्ष देतोय, हे त्याच्या प्रश्नातून दिसतं.

त्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. अंधाराला सरावलेल्या जनावराच्या डोळ्यांवर एकदम उजेड पडला की ते आंधळं होतं. उजेडापलीकडे काय आहे हे त्याला दिसत नाही, म्हणून ते थबकतं. ससा तर झोताच्या बाहेर उडी मारायची सोडून झोतातूनच सरळ पळत राहतो. तुमच्या पोराला ते डोळे चमकताना दिसले. त्या हरणाला मात्र पोर दिसलं नव्हतं. बॅटरी खाली गेली असती तर, हो, ते कदाचित पळालं असतं. "नाही रे, तसं काही नाही" असं म्हणून त्याला गप्प करू नका. त्यानं पाहिलंय, त्याला कळलंय. त्याला सांगा, "हो, पळालं असतं बहुतेक. पण बॅटरी कुठं धरायची हे तू ठरवलं नव्हतंस. ते मोठ्यांनी ठरवलं. तुला हे कळलं आणि मोठ्यांना कळलं नाही." तो रडला तर रडू द्या. मटण खात नसेल तर महिनाभर घरात करूच नका. झोप उडालेलीच राहिली तर सोलापुरात सिव्हिलला मानसोपचार विभागात दाखवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि जमलं तर मालकांना सांगा, एका रविवारी पहाटे त्याच पिकअपमधून त्याला नान्नजला घेऊन जा. तिकीट काढा, वनखात्याच्या माणसासोबत आत जा. थंडीत सूर्य वर यायच्या आधी कळप उघड्यावर असतो. माद्या चरत असतात, आणि एखादा काळा नर मान ताठ करून उभा असतो. गवतात पिल्लू लपवून आई थोडी लांब चरत राहते, आपण जवळ गेलो की ती पळते आणि पिल्लू मात्र हलत नाही. मुलाला ते दाखवा. मुलाच्या प्रश्नाचं उत्तर तिथं बसून वडिलांनीच द्यावं, तुम्ही नाही.

वकिलाकडे कधी जाताय ते कळवा. मी मंगळवारी आणि गुरुवारी अकरापर्यंत बार रूममध्ये असते. फ्रीजमधली पिशवी घेऊन येऊ नका. सासऱ्यांच्या लायसनची आणि पिकअपच्या आरसी बुकाची झेरॉक्स तेवढी आणा.